शांग्री-ला डायलॉग: तीन दिवस बोलून नक्की होतं काय?

निशिगंधा_पुणे

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसती वाचतेय, लिहायची ही पहिलीच वेळ. चूकभूल द्या घ्या.

मी संरक्षणशास्त्रात एम.ए. करतेय, दुसरं वर्ष. प्रबंधासाठी 'शांग्री-ला डायलॉग' हा विषय घेतला. माहीत नसलेल्यांसाठी दोन ओळी: सिंगापूरच्या शांग्री-ला हॉटेलात २००२ पासून दरवर्षी मे संपता संपता किंवा जूनच्या सुरुवातीला शुक्रवार ते रविवार ही परिषद भरते. भरवते लंडनची आयआयएसएस ही अभ्याससंस्था. आशिया-पॅसिफिकमधले संरक्षणमंत्री, लष्करप्रमुख, अभ्यासक येतात. कोविडमुळे २०२० आणि २०२१ ला झाली नाही.

माझी अडचण अशी की हे सगळं लिहून पाच पानं झाली आणि गाडी थांबली. कुठल्याही परिषदेवर लिहायचं तर शेवटी ठराव, करार, संयुक्त निवेदन काहीतरी असतं. इथे तसलं काहीच निघत नाही! भाषणं होतात, जेवणं होतात, सगळे आपापल्या घरी. सर म्हणाले, "विषय फार पसरट आहे, याला धरायला दांडा कुठेय?" आमचे बाबा तीस वर्षं एसटीत होते. त्यांना समजावून सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे हॉल चांगला आहे, जेवण चांगलं आहे, पण लग्न कुणाचंच नाही."

तर प्रश्न दोन. एक, या परिषदेतून खरंच काही घडतं का, की हौस म्हणून भरते? दोन, घडत असेल तर ते माझ्यासारखीने पुण्यात बसून कशावरून ओळखायचं? कुणी प्रत्यक्ष पाहिली असेल तर फारच उत्तम.

---

चहाबिस्किट

बाबांना साष्टांग नमस्कार सांगा.

साहित्य संमेलनच की हे. तेच मांडव, तेच अध्यक्षीय भाषण, तेच जेवणाच्या रांगेतलं राजकारण. फरक इतकाच की आपल्याकडे निदान शेवटी सीमाप्रश्नाचा ठराव तरी होतो.

विषय बदला आणि वेळेत पास व्हा.

---

आडवा_वारा

निशिगंधा, विषय बदलू नकोस. चहाबिस्किट, तुमची उपमा मला आवडली, पण ती उलट्या बाजूने खरी आहे. त्यावर येतो.

मी मूळचा मालवणचा, सध्या डोंबिवलीत. २०११ च्या शेवटापासून २०१९ पर्यंत एका वृत्तसंस्थेच्या सिंगापूर कचेरीत होतो. २०१२ ते २०१९ अशी ही परिषद आठ वेळा 'केली'. आमच्या धंद्यात केली म्हणतात, पाहिली म्हणत नाहीत, कारण पाहायला फारसं मिळत नाही. पत्रकारांचा बहुतेक वेळ वेगळ्या खोलीत पडद्यासमोर जातो. अंगावर थंडगार एसी आणि हातात पाचवी कॉफी. मुख्य दालनात मंत्री बोलतो, आपण त्याला टीव्हीवर बघतो. डोंबिवलीतूनही तेच दिसतं, हे पहिल्या वर्षी लक्षात आलं तेव्हा जरा वाईट वाटलं होतं.

आता तुझा पहिला प्रश्न. ठराव निघत नाही हीच या परिषदेची सोय आहे. आसियानच्या, म्हणजे आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेच्या, बैठकीत संयुक्त निवेदनाच्या एकेका शब्दावरून रात्र रात्र भांडतात. दक्षिण चीन समुद्रातल्या वादाचा उल्लेख करायचा की नाही यावरून २०१२ च्या जुलैत नॉम पेन्हला परराष्ट्रमंत्र्यांचं निवेदनच निघालं नाही, आसियानच्या पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. इथे निवेदनच नाही, त्यामुळे भांडणाचं निमित्तही नाही. मंत्री मोकळा. येतो, बोलतो, मुख्य म्हणजे भेटतो.

भेटतो म्हणजे कसा, ते सांगतो. खाली भाषणं चालू असतात तेव्हा हॉटेलातल्या खोल्यांमधून द्विपक्षीय बैठकांचा रतीब चालू असतो. आम्ही त्यांना 'बायलॅट' म्हणायचो. साधारण अर्धा तास, फार तर पाऊण. एक देश बाहेर पडला की टेबलावरचा झेंडा बदलायचा, पाण्याच्या बाटल्या बदलायच्या, पुढचा देश आत. एरवी एका मंत्र्याला हे दौरे करायला वर्ष लागेल आणि प्रत्येक दौऱ्याआधी घरच्या संसदेत उत्तरं द्यावी लागतील. इथे दोन दिवसांत आठ-दहा भेटी उरकतात आणि कुणी कुणाच्या दारात गेला असंही होत नाही. शेजारी-शेजारी भांडण असलं की दोघं तिसऱ्याच्या लग्नात भेटतात ना, तसं. तेव्हा बाबांना सांग, लग्न सिंगापूरचं असतं आणि सोयरिकी बाकीच्यांच्या जमतात.

एक दृश्य डोक्यातून जात नाही. एका वर्षी फोटो काढायला आम्हाला अर्ध्या मिनिटापुरतं आत सोडणार होते, म्हणून दाराशी रांगेत उभा होतो. आत टेबल मांडणारी एक मुलगी, पंचविशीची असेल, हातात झेंड्यांच्या फोटोंची फाइल. फिलिपिन्सचा टेबलावरचा छोटा झेंडा तिने लावला, दोन पावलं मागे आली, फाइल बघितली, पुन्हा पुढे जाऊन झेंडा बघितला, पुन्हा फाइल. मी विचारलं, एवढं काय? ती म्हणाली, निळा वर असला तर शांतता, लाल वर आला तर युद्ध. खरंच तसं आहे, त्यांचा झेंडा उलटा फडकवला की देश युद्धात आहे असा अर्थ होतो. तिने तिसऱ्यांदा खात्री केली, मग दार उघडलं. आत जे बोलणं झालं त्याची बातमी दोन ओळींची होती. मला आठवते ती मुलगीच.

दुसरा प्रश्न, पुण्यात बसून कसं ओळखायचं. दोन गोष्टी बघ.

पहिली, कोण आलं आणि कुठल्या हुद्द्याचं. चीनचंच घे. २०११ ला लिआंग ग्वांगलिए आले, चीनचे पहिले संरक्षणमंत्री इथे येणारे. त्यानंतर २०१२ ते २०१८ पर्यंत मंत्री नाहीच, कधी उपप्रमुख दर्जाचे जनरल, कधी लष्करी अकादमीतले. २०१९ ला वेई फंगह. मग २०२२, २०२३, २०२४ तिन्ही वर्षं मंत्री. आणि २०२५ ला पुन्हा दोंग जून गैरहजर, त्यांच्या राष्ट्रीय संरक्षण विद्यापीठाचे रिअर अ‍ॅडमिरल हु गांगफंग आले. न येणं हाही निरोपच असतो. आपल्याकडे नाही का, साखरपुड्याला मोठे काका आले नाहीत, पुतण्याला पाठवलं, की आठवडाभर तीच चर्चा.

दुसरी गोष्ट माझी स्वतःची आहे, आणि तुझ्या सरांना हवा असलेला दांडा मला वाटतं तिथे आहे.

भाषण विसर. भाषण मंत्र्याच्या कचेरीत महिनाभर घासूनपुसून आलेलं असतं, आम्हाला कधी कधी छापील प्रत आधी मिळायची. भाषणानंतर प्रश्नोत्तरं असतात. प्रतिनिधी नाव नोंदवतात, सूत्रसंचालक पाच-सहा प्रश्न एकदम घेतो. एकेक प्रश्न, एकेक उत्तर असं नाही, गठ्ठा. मग मंत्री गठ्ठ्याला मिळून उत्तर देतो. शाळेत 'कोणतेही चार सोडवा' असायचं ना, तस्सं. सोपे चार सोडवायचे, पाचवा ऑप्शनला.

पहिल्या दोन वर्षांत मी भाषणावर बातम्या केल्या आणि माझ्या संपादकाने त्या निम्म्या कापल्या. तिसऱ्या वर्षी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. डाव्या रकान्यात प्रश्न, उजव्या रकान्यात उत्तर. सत्र संपलं की बघायचं, उजवीकडे कोरं काय राहिलं. बातमी तिथे असायची.

२०१४ चं सांगतो. शुक्रवारी रात्री जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांचं मुख्य भाषण. समुद्रात कायद्याचं राज्य हवं वगैरे, चीनचं नाव न घेता सगळं चीनलाच. शनिवारी अमेरिकेचे संरक्षणमंत्री चक हेगल, त्यांनी नाव घेऊन ऐकवलं. रविवारी चीनचे लेफ्टनंट जनरल वांग ग्वानझोंग उभे राहिले. त्यांनी लिहून आणलेलं भाषण केलंच, पण मधेच ते बाजूला ठेवून सुनवायला सुरुवात केली, की आबे आणि हेगल यांनी संगनमताने चीनला डिवचलंय. दुभाष्याचा आवाज हेडफोनमध्ये जरा अडखळला. आमच्या खोलीत दहा सेकंद कुणी टाइप करेना, मग एकदम सगळेच तुटून पडले. त्यानंतर प्रश्न आले त्या प्रसिद्ध तुटक रेषेबद्दल, समुद्राच्या नकाशावर चीन जी ओढतो ती. तिचा कायदेशीर अर्थ काय, नेमकी कुठून कुठे जाते? उत्तर आलं हान राजवटीपासून, दोन हजार वर्षांच्या इतिहासाचं. इतिहास भरपूर, अक्षांश-रेखांश शून्य. माझ्या उजव्या रकान्यात मी लिहिलं, 'कोरं'.

उलटही होतं. २०१९ ला वेई फंगह यांना कुणीतरी तिआनानमेनबद्दल विचारलं, म्हणजे १९८९ ला बीजिंगच्या त्या चौकातलं आंदोलन लष्कराने चिरडलं त्याबद्दल. त्या घटनेला दोनच दिवसांत तीस वर्षं पूर्ण होत होती. मी उजवा रकाना कोरा धरूनच बसलो होतो. आणि त्या गृहस्थांनी सरळ उत्तर दिलं, की ती राजकीय अस्थिरता होती, सरकारने ती मोडून काढली आणि ते धोरण बरोबरच होतं. चीनचा मंत्री परदेशात, कॅमेऱ्यासमोर, या विषयावर तोंड उघडतो हे माझ्या कारकिर्दीत मी एकदाच पाहिलं. भाषणात यातलं अक्षरही नव्हतं. कुणीतरी विचारलं म्हणून आलं.

भाषणं आणि प्रश्नोत्तरं आयआयएसएसच्या संकेतस्थळावर मिळतात, व्हिडिओ यूट्यूबवर आहेत. वही घे, रेघ मार, पाच-सहा वर्षांची मुख्य सत्रं तपास. कुठला देश कुठल्या प्रश्नाला कोरं सोडतो आणि ते कोरं वर्षागणिक बदलतं का. झाला की तुझा दांडा.

लांबलं जरा. जुने दिवस आठवले की असं होतं.

---

माझगाव_फिटर

वरचा प्रतिसाद झकास. मला परराष्ट्र धोरणातलं ओ की ठो कळत नाही. पण या परिषदेशी माझा धागा आहे, तो सांगतो.

मी माझगाव डॉकला पस्तीस वर्षं फिटर होतो, आता भांडुपला घरी. २०१८ ला १ जूनला मोदींनी तिथे मुख्य भाषण केलं, आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून अमेरिकेपर्यंत सगळं इंडो-पॅसिफिक म्हणाले. ते मी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी बातम्यांत दाखवलं, पंतप्रधान चांगी नौदल तळावर गेले आणि आयएनएस सातपुडा वर चढले. म्हणजे इंग्रजीत सातपुरा. मी भाकरी टाकून उभा राहिलो. ते जहाज आमच्या डॉकमधलं! २०११ ला नौदलात गेलं. त्याच्या इंजिनरूममधल्या पाइपलाइनीवर माझे हात लागलेत. बायकोला म्हटलं बघ, ती म्हणाली, "पंतप्रधान बघू की पाइप?"

तेव्हा भाषण काय झालं ते विद्वान सांगतील. पण परिषदेच्या दिवसांत एक युद्धनौका बंदरात आणून उभी करायची, हे पण एक भाषणच झालं ना? आणि त्याला प्रश्नोत्तरं नसतात.

---

निशिगंधा_पुणे

बापरे, एका रात्रीत एवढं! सगळ्यांचे मनापासून आभार. फिटरकाका, 'त्याला प्रश्नोत्तरं नसतात' हे मी प्रबंधात घालणार, तुमच्या परवानगीने.

आडवा_वारा काका (काका म्हटलं तर चालेल ना?), रकान्यांची कल्पना सरांना फोनवर सांगितली. एकदम "हां, हे बघ" म्हणाले. ते सहसा काही म्हणत नाहीत.

एक शंका. यात भारत कुठे बसतो? मला वाटलं होतं आपण दरवर्षी मोठ्या जोशात जात असू, पण शोधलं तर संरक्षणमंत्री गेल्याची वर्षं बोटावर मोजण्याइतकी दिसतात. असं का? आणि २०२५ ला सीडीएस, म्हणजे आपले संरक्षण दलप्रमुख, गेले होते, त्यावरून एवढा गदारोळ झाला, तो परिषदेचा भाग धरायचा की नाही?

---

आडवा_वारा

काका चालेल. घरी भाचे 'मामा' म्हणतात, तेवढं सोडून काहीही चालेल.

भारत. २००६ ला प्रणव मुखर्जी, २०१२ ला ए. के. अँटनी, २०१६ ला मनोहर पर्रीकर, हे मंत्री मला लगेच आठवतात. मधल्या काही वर्षी राज्यमंत्री, सल्लागार, अधिकारी. का, याचं माझं उत्तर ऐक, पण हे माझं मत म्हणून धर. या मांडवात अमेरिका आणि चीन समोरासमोर बसतात आणि बाकीच्यांना विचारलं जातं, तुम्ही कुणाकडचे? आपल्याला त्या प्रश्नाचं उत्तर तीन दिवसांत, कॅमेऱ्यासमोर द्यायचं नसतं. माझ्या भाषेत, आपल्याला उजवा रकाना कोरा ठेवायचा असतो आणि तसं करायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे पेपरलाच न बसणं. शिवाय २०१६ पासून दिल्लीत आपला स्वतःचा रायसिना डायलॉग आहे. यजमान झालं की प्रश्न आपण विचारतो.

२०१६ चं मात्र मला अप्रूप आहे, कोकणी माणूस म्हणून म्हण हवं तर. तो जून आठव. दक्षिण चीन समुद्रावरून फिलिपिन्सने चीनविरुद्ध नेलेल्या खटल्याचा निकाल तोंडावर आलेला (तो पुढे १२ जुलैला लागला), अमेरिकेचे संरक्षणमंत्री अ‍ॅश कार्टर म्हणालेत की चीन स्वतःभोवती एकटेपणाची भिंत बांधतोय, चीनचे अ‍ॅडमिरल सुन जिआनग्वो चिडलेले. त्यात आपले पर्रीकर उभे राहिले. हक्कांच्या वादात आम्ही कुणाची बाजू घेत नाही, पण आमचा निम्म्याहून जास्त व्यापार त्या समुद्रातून जातो, असा त्यांचा सूर. ऐकायला गुळगुळीत वाटतं. पण बाजू घेत नाही म्हणता म्हणता 'आमचाही संबंध आहे' हे नोंदवून ठेवलं. गोव्याचा माणूस, व्यवहार आधी बोलणार! तिथले परदेशी पत्रकार मला विचारत होते, ही बातमी आहे का? मी म्हटलं, अर्धी आहे. डेस्कने चार ओळी घेतल्या.

आता २०२५. तेव्हा मी डोंबिवलीत सोफ्यावर होतो, हे आधी कबूल. ऑपरेशन सिंदूर होऊन तीन आठवडे झाले होते. तेव्हाचे सीडीएस जनरल अनिल चौहान तिथे गेले, पाकिस्तानचे जनरल साहिर शमशाद मिर्झाही होते. एकाच परिषदेत, वेगवेगळ्या सत्रांत दोघं बोलले, एकमेकांना भेटले नाहीत. ३१ मेला चौहान यांनी ब्लूमबर्गला मुलाखत दिली आणि आपली लढाऊ विमानं पडल्याचं पहिल्यांदा मान्य केलं. किती पडली ते महत्त्वाचं नाही, का पडली ते महत्त्वाचं, चूक कळली, ती सुधारून पुन्हा उड्डाणं केली, असा आशय. दिल्लीत तीन आठवडे जो प्रश्न विचारून विचारून लोक थकले त्याचं उत्तर सिंगापुरात मिळालं. किती पडली, ते मात्र तिथेही नाही. म्हणजे एकाच उत्तरात अर्धा रकाना भरलेला, अर्धा कोरा.

हे परिषदेचं धरायचं की नाही? औपचारिक अर्थाने नाही, मुलाखत सत्राबाहेरची. पण माझं विचारशील तर धर. परिषद नसती तर तो माणूस, तो कॅमेरा आणि तो प्रश्न एका जागी आले नसते. फक्त प्रबंधात वेगळं प्रकरण कर, सत्रातल्या रकान्यांत मिसळू नकोस. नाहीतर बाहेरचा परीक्षक तेवढंच धरून बसेल.

---

चहाबिस्किट

ठीक आहे, अर्धी शरणागती. पण एक सांगा, एवढ्या 'भेटी होतात' म्हणता, मग २०२३ ला काय झालं? अमेरिकेचे आणि चीनचे तेव्हाचे संरक्षणमंत्री, ऑस्टिन आणि ली शांगफू, एकाच टेबलावर जेवले, हात मिळवला, फोटो आला आणि बैठक मात्र नाहीच. आणि दुसऱ्याच दिवशी तैवानच्या सामुद्रधुनीत चिनी जहाज अमेरिकन विनाशिकेच्या पुढून दीडशे यार्डांवरून आडवं गेलं. मग त्या जेवणाचा उपयोग काय? माझ्या मते ही परिषद म्हणजे तापमापक आहे, औषध नव्हे.

---

आडवा_वारा

तापमापक हे मला मान्य आहे. औषध आहे असं मी कुठे म्हटलं?

पण २०२३ पूर्ण बघा. ली शांगफू यांच्यावर अमेरिकेने २०१८ पासून निर्बंध घातलेले, रशियाकडून सुखोई आणि एस-४०० घेतल्याबद्दल. चीनचं म्हणणं, आधी ते उठवा मग भेटू. म्हणून बैठक नाकारली. आता हा नकार एरवी दोन प्रवक्त्यांच्या पत्रकांत विरून गेला असता. इथे सगळ्या आशियाने तो जेवणाच्या टेबलावर बघितला. आणि रविवारी लींना त्या जहाजाबद्दल विचारलं गेलंच. त्यांचं उत्तर: तुमची जहाजं आमच्या दारात कशाला येतात, आपापलं बघा. हा रकाना कोरा नाही, चांगला ठळक शाईने भरलाय. त्याच ऑक्टोबरात ली मंत्रिपदावरून गेले आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये पक्षातूनही. त्यांच्याबरोबर २०१९ चे वेई फंगह पण, एकाच दिवशी. त्या व्यासपीठावर बसलेले दोन मंत्री! तेव्हा हुद्दा बघा म्हटलं तरी हुद्देदार टिकतो किती, हेही बघावं लागतं.

आणि रॉयटर्सने त्याच वर्षी दिलेली बातमी विसरू नका, की परिषदेच्या आडोशाने दोनेक डझन देशांच्या गुप्तचर प्रमुखांची वेगळी बैठक सिंगापुरात झाली, त्यात आपल्या रॉचे प्रमुखही होते. असल्या बैठकीला ना पत्रक ना फोटो. मी आठ वर्षं तिथे होतो आणि मला अशा कशाचा वासही आला नाही. आता बोला.

---

ऑर्चर्डची_आई

मी सिंगापूरलाच असते, हॉटेलपासून चालत दहा मिनिटं. राजकारणाचं तुम्ही बघा, मी रस्त्याचं सांगते. 😀

ऑरेंज ग्रोव्ह रोड एरवी इतका शांत की सकाळी बुलबुल ऐकू येतात. परिषदेच्या आठवड्यात बॅरिकेड, गाड्यांची डिकी उघडून तपासणी आणि गुरखा पोलीस. कमरेला खुकरी असते त्यांच्या. माझा धाकटा पाच वर्षांचा असताना त्याने एकाला मराठीत विचारलं, "काका, ही खरी आहे?" तो नेपाळी माणूस हसला आणि हिंदीत म्हणाला, "असली है, बेटा." पोराने महिनाभर शाळेत तेच सांगितलं.

२०१५ ची पहाट पण आठवते. रविवारी सकाळी उठले तर फोनवर वीस मेसेज, 'हॉटेलजवळ गोळीबार'. दूध आणायला खाली उतरायचं की नाही ठरेना.

---

आडवा_वारा

ताई, त्या पहाटे पाचच्या सुमारास डेस्कचा फोन आला तेव्हा मी चप्पल न शोधता टॅक्सीत बसलो होतो! टॅक्सीवाला अलीकडेच सोडून गेला, पुढे रस्ता बंद. आत इतक्या देशांचे संरक्षणमंत्री झोपलेले आणि बाहेर पोलिसांनी बॅरिकेड तोडणाऱ्या गाडीवर गोळी झाडलेली. चालक जागीच गेला. आम्ही सगळ्यांनी मनात 'हल्ला' हा शब्द लिहून टाकला होता, फक्त पाठवायचा बाकी. दुपारपर्यंत कळलं, गाडीत अमली पदार्थ सापडलेत, माणसं पोलिसांना चुकवायला बघत होती, परिषदेशी काडीचा संबंध नाही. शहरातले सगळ्यात जास्त पोलीस ज्या रस्त्यावर, नेमक्या त्याच रस्त्याला लागली बिचारी.

तो शब्द पाठवला नाही, याचं श्रेय माझ्या तेव्हाच्या संपादिकेला. ती फोनवर एवढंच म्हणाली, "कुणी सांगितलं?" कुणीच सांगितलं नव्हतं.

---

निशिगंधा_पुणे

दहा दिवसांनी येतेय, माफ करा. सबमिशनच्या धांदलीत होते.

विषय मंजूर झाला! सरांनी शीर्षक जड करून टाकलंय, 'बहुपक्षीय सुरक्षा मंचांवरील अनुत्तरित प्रश्न' असं काहीतरी. घरी आम्ही त्याला 'कोरा रकाना' म्हणतो. सुरुवात २०१४ पासून केली, काकांचं वर्ष म्हणून. वांग यांचं सत्र तीनदा ऐकलं. पहिल्यांदा नुसतं ऐकलं, दुसऱ्यांदा प्रश्न लिहिले, तिसऱ्यांदा उत्तरं.

एक अडचण आलीय. आबेंच्या भाषणानंतर चिनी शिष्टमंडळातून यासुकुनी या जपानी युद्धमृतांच्या स्मारकाला त्यांनी दिलेल्या भेटीबद्दल प्रश्न आला. आबे बोलले, बराच वेळ बोलले, पण विचारलं होतं एक आणि बोलले दुसरंच. मग हे भरलेलं धरू की कोरं? बाबांना विचारलं. ते म्हणाले, "आमच्याकडे चौकशीला येणाऱ्या पॅसेंजरला 'गाडी कधी येईल' विचारलं की आम्ही 'येईल की' म्हणायचो. ते तू कुठल्या रकान्यात घालशील?"

मी आता तिसरा रकाना आखलाय. वर 'येईल की' असं लिहिलंय, पेन्सिलीने. सरांना काय सांगायचं ते सुचवा कुणीतरी, परवा दाखवायचंय.

---

माझगाव_फिटर

पेन्सिल नको. शाईने लिही. हाच रकाना सगळ्यात जास्त भरणार आहे.